संगणकातील कुलपे आणि कोंडी

दहावीतली ताई आणि आठवीतला भाऊ एकाच टेबलाशी भूमितीचा गृहपाठ करीत बसले आहेत. घरात कंपास एकच आणि पट्टीही एकच. ताईने कंपास उचलला, भावाने पट्टी उचलली. आता त्रिज्या मोजून घेण्यासाठी ताईला पट्टी हवी, आणि वर्तुळ काढण्यासाठी भावाला कंपास हवा. "तू आधी पट्टी दे." "नाही, तू आधी कंपास दे." हातातले कोणीच सोडत नाही आणि दोघांच्याही वह्या कोऱ्या राहतात. शेवटी आई स्वयंपाकघरातून येते, भावाच्या हातातली पट्टी काढून ताईला देते आणि गृहपाठ पुढे सरकतो.

या भांडणात चूक कोणाची? ताईला वर्तुळ काढता येते, भावालाही येते. दोघांचीही मागणी रास्त आहे. चूक आहे ती दोघांनी एकमेकांची वाट पाहण्याच्या पद्धतीत. संगणकाच्या पोटातही अशी भांडणे होत असतात आणि तेथे मध्यस्थी करायला आई नसते. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या एका यानाचे काम अशाच एका अडवणुकीमुळे पुन्हा पुन्हा बंद पडले होते. ती अडवणूक कशी झाली, पृथ्वीवर बसून ती कशी शोधून काढली आणि अशा दोषांपासून बचाव कसा करतात, हे या लेखात पाहू या.

एक यंत्र, अनेक कामे

आपल्याला वाटते की संगणक एकाच वेळी अनेक कामे करतो. गाणे वाजते आहे, पत्र लिहिले जाते आहे, घड्याळही चालू आहे. प्रत्यक्षात संगणकाचा एक प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, एका क्षणी एकच काम करू शकतो. तो एक काम थोडे करतो, ते बाजूला ठेवतो, दुसरे थोडे करतो, पुन्हा पहिल्याकडे येतो. ही अदलाबदल इतक्या झपाट्याने होते की आपल्याला सगळी कामे एकदम चालल्यासारखी भासतात. अलीकडच्या बहुतेक संगणकांत एकाच चकतीवर असे चार, आठ किंवा अधिक प्रक्रियक बसवलेले असतात. तेथे मात्र काही कामे खरोखरच एकाच वेळी चालतात.

कोणत्या कामाने केव्हा चालावयाचे, कोणी थांबावयाचे, स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यावयाची, हे ठरविणारी एक व्यवस्था लागते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तिचा सर्वांत आतला भाग म्हणजे कर्नल. आपण त्याला 'गाभा' म्हणू. गाभा अडला की संगणकातील सगळेच अडते.

कुलूप कशासाठी?

समजा, शाळेच्या प्रदर्शनाला किती लोक आले ते मोजावयाचे आहे. दारे दोन आहेत, पण आकडा लिहायची पाटी एकच. पाटीवर ४७ हा आकडा आहे. पहिल्या दारावरच्या मुलीने तो वाचला आणि मनात ४८ केले. तेवढ्यात दुसऱ्या दारावरच्या मुलानेही ४७ वाचला आणि त्यानेही मनात ४८ केले. मुलीने पुसून ४८ लिहिले, मुलानेही पुसून ४८ लिहिले. माणसे दोन आली, आकडा एकानेच वाढला. दोघांपैकी कोणाचीही बेरीज चुकलेली नाही, तरी हिशेब चुकला!

संगणकात वाचणे, वाढविणे आणि लिहिणे या तीन वेगळ्या पायऱ्या असतात. त्या पायऱ्यांच्या मध्येच दुसरे काम घुसले तर हीच गत होते. यावर उपाय म्हणजे नियम करावयाचा, की ज्याच्या हाती खडू त्यानेच पाटीला हात लावावा. वाचणे, वाढविणे, लिहिणे हे तिन्ही पुरे झाल्याशिवाय त्याने खडू खाली ठेवू नये. खडू एकच असल्यामुळे दुसऱ्याला थांबावेच लागते.

एकेरी लोहमार्गावर हीच युक्ती फार पूर्वीपासून वापरली जाते. दोन स्थानकांमधल्या टप्प्यासाठी यंत्रातून एका वेळी एकच गोळा बाहेर काढता येतो. तो गोळा चालकाच्या हाती आल्याशिवाय गाडी त्या टप्प्यात शिरत नाही, आणि म्हणून दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत. संगणकातील या खडूला किंवा गोळ्याला 'लॉक', म्हणजेच कुलूप म्हणतात. एखाद्या कामाने कुलूप 'घेतले' म्हणजे आत शिरून दार लावून घेतले, आणि 'सोडले' म्हणजे दार उघडे करून बाहेर पडले असे समजावे.

रांग लांबते

कुलपाने हिशेब बरोबर राहतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. ती किंमत म्हणजे वाट पाहण्यात जाणारा वेळ. एका कुलपासाठी अनेक कामे रांगेत उभी राहिली म्हणजे प्रक्रियक कितीही वेगवान असोत, काम रांगेच्याच गतीने होते.

लिनक्स या प्रसिद्ध ऑपरेटिंग सिस्टीमची गोष्ट याबाबतीत बोधप्रद आहे. १९९६ साली तिची दुसरी आवृत्ती एकापेक्षा अधिक प्रक्रियक असलेल्या यंत्रांवर चालू लागली. त्या वेळी सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणून सगळ्या गाभ्याला मिळून एकच मोठे कुलूप लावण्यात आले. म्हणजे प्रक्रियक कितीही असले तरी गाभ्यात एका वेळी एकानेच शिरावयाचे. जणू सगळ्या शाळेला मिळून एकच फळा! प्रक्रियकांची संख्या वाढत गेली तशी ही रांग जाचक होऊ लागली. मग एकेका भागासाठी वेगळे छोटे कुलूप करण्याचे काम सुरू झाले. ते चिकाटीने चालत राहिले आणि २०११ साली ते मोठे कुलूप गाभ्यातून पुरते काढून टाकण्यात आले. एक कुलूप काढायला पंधरा वर्षे लागली!

इतका वेळ का लागावा? कारण कुलपे अनेक झाली की रांगा आखूड होतात हे खरे, पण त्याबरोबरच एक नवे संकट उभे राहते. ते म्हणजे ताई आणि भावाचे भांडण.

कोंडी

एका कामाने 'अ' कुलूप घेतले आणि ते 'ब' ची वाट पाहू लागले. दुसऱ्याने 'ब' घेतले आणि ते 'अ' ची वाट पाहू लागले. आता दोन्ही कामे कायमची थांबली. यालाच 'डेडलॉक', म्हणजे कोंडी म्हणतात. नेदरलँड्समधील संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली तिला 'जीवघेणी मिठी' असे नाव दिले होते. त्याच वर्षी त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत घातलेला एक प्रश्न पुढे जगप्रसिद्ध झाला. टोनी होर या शास्त्रज्ञांनी त्याला जेवणाच्या टेबलाचे रूप दिले. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसले आहेत. दोघांच्या मध्ये एक असे पाच काटे ठेवले आहेत. जेवायला प्रत्येकाला दोन्ही बाजूंचे दोन काटे लागतात. पाचही जणांनी एकाच वेळी आपल्या उजव्या हाताचा काटा उचलला तर काय होईल? प्रत्येकाच्या हाती एक काटा, आणि दुसरा काटा शेजाऱ्याच्या हाती. पाचही तत्त्वज्ञ उपाशी!

१९७१ साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी कोंडी होण्यासाठी लागणाऱ्या चार गोष्टी नेमकेपणाने मांडल्या. पहिली, वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. दुसरी, हातातली वस्तू धरून ठेवून दुसरीची वाट पाहिली जाते. तिसरी, कोणाच्या हातातली वस्तू बळाने काढून घेता येत नाही. आणि चौथी, वाट पाहण्याचे वर्तुळ पुरे होते. म्हणजे पहिला दुसऱ्यासाठी थांबला आहे, दुसरा तिसऱ्यासाठी आणि शेवटचा पुन्हा पहिल्यासाठी. या चारही गोष्टी एकत्र आल्या तरच कोंडी होते. यांपैकी एक जरी मोडली तरी कोंडी होऊच शकत नाही. ताईच्या घरी आईने तिसरी गोष्ट मोडली, नाही का?

संगणकात मात्र बळाने कुलूप काढून घेणे धोक्याचे असते. पाटीवरचा आकडा अर्धवट पुसलेला असतानाच खडू काढून घेतला तर हिशेब बिघडणारच. म्हणून बहुधा चौथी गोष्ट मोडतात, आणि त्याची युक्ती फार सोपी आहे. सगळ्या कुलपांना क्रमांक द्यावयाचे आणि नियम करावयाचा, की कुलपे नेहमी चढत्या क्रमांकानेच घ्यावीत. १ क्रमांकाचा कंपास, २ क्रमांकाची पट्टी. कंपास हाती आल्याशिवाय पट्टीला कोणी हात लावावयाचा नाही. मग भावाने पट्टी उचललीच नसती. ताईचे वर्तुळ पुरे होईपर्यंत तो थांबला असता आणि नंतर दोन्ही वस्तू त्याला मिळाल्या असत्या.

हा नियम पाळला तर कोंडी कधीच होणार नाही, हे सिद्धही करता येते. सध्या कोणाच्या ना कोणाच्या हाती असलेल्या कुलपांपैकी सर्वांत मोठ्या क्रमांकाचे कुलूप पाहा. ते ज्याच्याजवळ आहे तो आता कशाची वाट पाहू शकेल? नियमाप्रमाणे त्याहून मोठ्या क्रमांकाच्या कुलपाची. पण तशी सगळी कुलपे तर मोकळीच आहेत! म्हणजे त्याला थांबण्याचे कारणच नाही. त्याचे काम पुरे होईल, तो कुलपे सोडील आणि मग पुढच्याचा मार्ग मोकळा होईल. भूमितीतल्या सिद्धतेइतकीच ही सिद्धता पक्की आहे.

वेळेवर म्हणजे काय?

आता दुसऱ्या प्रकारच्या अडवणुकीकडे वळू. काही संगणकांना काम नुसते बरोबर करून चालत नाही. ते ठरलेल्या वेळेच्या आतच करावे लागते. मोटार आदळली असता हवेची उशी सेकंदाच्या काही शतांश भागांत फुगली पाहिजे. एका सेकंदाने फुगली तर ती असून नसल्यासारखीच. अशा ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या व्यवस्थेला 'रिअल टाइम' व्यवस्था म्हणतात. तिच्यात प्रत्येक कामाला अग्रक्रम दिलेला असतो. वरच्या अग्रक्रमाचे काम आले की खालच्याने तत्काळ बाजूला व्हावयाचे. रस्त्यावर रुग्णवाहिका आली की इतर वाहने बाजूला होतात, तसेच.

पण रुग्णवाहिका अरुंद पुलापाशी आली आणि पुलावर आधीच एक बैलगाडी असेल तर? रुग्णवाहिकेला थांबावेच लागेल. बैलगाडीला पूल ओलांडायला लागेल तेवढाच वेळ ती थांबली तर त्यात वावगे काही नाही. खरी गंमत पुढे आहे. ती समजण्यासाठी एक छोटे उदाहरण सोडवू.

एकच प्रक्रियक आहे आणि कामे तीन आहेत: ज्येष्ठ, मधले आणि कनिष्ठ. ज्येष्ठ आणि कनिष्ठ या दोघांनाही एकच कुलूप लागते; मधल्याला त्याची गरज नाही. कनिष्ठाचे काम ४ मिनिटांचे आहे आणि ते सगळे कुलूप घेऊनच करावे लागते. मधल्याचे काम १० मिनिटांचे आहे. ज्येष्ठाचे काम ३ मिनिटांचे असून तेही कुलूप घेऊनच करावयाचे आहे, आणि दहाव्या मिनिटाच्या आत ते पुरे झालेच पाहिजे.

कनिष्ठाने शून्याव्या मिनिटाला कुलूप घेऊन काम सुरू केले. पहिले मिनिट संपताच ज्येष्ठ आले. अग्रक्रम मोठा, पण कुलूप कनिष्ठाजवळ आहे. म्हणून ज्येष्ठ थांबले आणि कनिष्ठ पुढे काम करू लागला. दुसरे मिनिट संपताच मधला आला. त्याचा अग्रक्रम कनिष्ठाहून वरचा आहे, म्हणून नियमाप्रमाणे कनिष्ठाला बाजूला व्हावे लागले. कुलूप मात्र त्याच्याच खिशात राहिले. मधल्याने २ ते १२ अशी दहा मिनिटे काम केले. मग कनिष्ठाची उरलेली दोन मिनिटे, १२ ते १४. तेव्हा कुठे कुलूप सुटले. ज्येष्ठांचे काम १४ ते १७ या वेळात झाले. मुदत होती दहा मिनिटांची!

नीट पाहा. ज्येष्ठ आणि मधला यांच्यात भांडणाचे काहीच कारण नव्हते. तरी मधल्याने ज्येष्ठाला दहा मिनिटे अडवून ठेवले आणि तेही नकळत. वरचा खाली आणि खालचा वर, अशी ही अग्रक्रमाची उलटापालट झाली. येथे कोंडीसारखे वर्तुळ नाही. शेवटी सगळ्यांचे काम होतेही, पण ज्याला मुदत होती त्याचे मुदतीत होत नाही.

यावर उपाय आहे तो 'अग्रक्रमाच्या वारशाचा'. ज्येष्ठाला ज्याच्यामुळे थांबावे लागते त्याला, कुलूप सुटेपर्यंत, ज्येष्ठाचाच अग्रक्रम द्यावयाचा. रुग्णवाहिका पुलापाशी थांबली की बैलगाडीलाच भोंगा लावून द्यावा, तसे! आता उदाहरण पुन्हा सोडवू. पहिल्या मिनिटाला ज्येष्ठ थांबले आणि कनिष्ठाला त्यांचा अग्रक्रम मिळाला. दुसऱ्या मिनिटाला मधला आला, पण आता कनिष्ठ त्याच्याहून वरचा आहे. कनिष्ठाचे काम चौथ्या मिनिटाला संपले, कुलूप सुटले आणि त्याचा अग्रक्रम पूर्ववत झाला. ज्येष्ठांचे काम ४ ते ७ मध्ये पुरे झाले. मधल्याचे ७ ते १७.

दोन्ही वेळा सगळे मिळून १७ मिनिटेच लागली. प्रक्रियक पहिल्या वेळीही क्षणभर रिकामा बसला नव्हता आणि दुसऱ्या वेळी तो अधिक वेगाने चालला नाही. बदलला तो फक्त क्रम. 'वेगाने' आणि 'वेळेवर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल. या उपायाचा सविस्तर अभ्यास लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की या तिघांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात केला आणि १९९० साली तो एका शोधनिबंधात प्रसिद्ध झाला.

मंगळावर काय झाले?

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. त्याच्यासोबत सोजर्नर नावाची, सुमारे साडेदहा किलोग्रॅम वस्तुमानाची सहा चाकांची छोटी गाडी होती. यानावरून सुंदर छायाचित्रे येऊ लागली आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. पण काही दिवसांतच एक विचित्र गोष्ट घडू लागली. यानावरचा संगणक मधूनच आपण होऊन नव्याने सुरू होई. आधी गोळा केलेली माहिती शाबूत राही, पण त्या दिवसाची उरलेली कामे तशीच राहत आणि ती दुसऱ्या दिवसावर जात. यानाचे आयुष्य मोजक्या दिवसांचे धरलेले, तेव्हा एकेक दिवस मोलाचा होता. यान त्या वेळी पृथ्वीपासून सुमारे १९ कोटी किलोमीटरवर होते. संदेश पोहोचायलाच साडेदहा मिनिटांच्या वर लागत. तेथे जाऊन झाकण उघडून पाहणे तर अशक्यच!

यानावर 'व्हीएक्सवर्क्स' नावाची रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम चालत होती. यानातील उपकरणांची माहिती एका सामाईक वाहिनीवरून ये-जा करी. या वाहिनीचे चक्र सेकंदाला आठ वेळा फिरे. त्यासाठी वरच्या अग्रक्रमाची दोन कामे नेमलेली होती. एक काम आलेली माहिती ज्याची त्याला वाटून देई, आणि दुसरे पुढच्या चक्राची आखणी करी. आखणी करणारे काम दर वेळी आधी पाही, की वाटप पुरे झाले आहे ना? झाले नसेल तर काही तरी गंभीर बिघडले आहे असे समजून ते संगणक नव्याने सुरू करावयास लावी. ही सुरक्षिततेसाठी केलेली योजना होती.

अगदी खालच्या अग्रक्रमाचे एक काम होते हवामानाचे. मंगळावरील तापमान, दाब आणि वारा यांच्या नोंदी ते हाताळी. वाटपाच्या कामाकडून माहिती घेताना त्याला एक कुलूप क्षणभर घ्यावे लागे, आणि तेच कुलूप वाटपाच्या कामालाही लागे. मधल्या अग्रक्रमाची, अधिक वेळ चालणारी इतर कामेही होती. आता तुम्हीच सांगा काय झाले असेल! हवामानाने कुलूप घेतले, त्याच क्षणी मधल्या कामाने त्याला बाजूला सारले, वाटपाचे काम कुलपापाशी अडले. आठवा भाग सेकंद संपताच आखणीचे काम आले, त्याने वाटप अपुरे पाहिले आणि संगणक नव्याने सुरू झाला. आपले ज्येष्ठ, मधला आणि कनिष्ठ यांचेच हे उदाहरण, फक्त मिनिटांऐवजी सेकंदाच्या भागांत.

दोष कसा सापडला?

पृथ्वीवर प्रयोगशाळेत यानावरच्यासारखाच संगणक ठेवलेला होता. तंत्रज्ञांनी त्याच्यावर तीच कामे चालविली आणि कोणते काम केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले, कोणते कुलूप कोणी घेतले याची क्षणाक्षणाची नोंद ठेवली. अठरा तासांच्या आत तोच दोष तेथे घडवून आणण्यात त्यांना यश आले. एकदा तो नोंदीत सापडल्यावर कारण स्पष्ट दिसले. ते कुलूप ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतल्या एका सोयीने स्वतःच तयार केलेले होते. व्हीएक्सवर्क्समध्ये अग्रक्रमाच्या वारशाची व्यवस्था होतीच, पण या कुलपासाठी ती बंद ठेवलेली होती. ती चालू केली तर दुसरे काही बिघडणार नाही ना, हे तपासून पाहिले गेले. मग दुरुस्तीचा छोटा तुकडा रेडिओ संदेशाने यानाकडे पाठविला आणि तो त्रास थांबला. यानाशी शेवटचा संपर्क २७ सप्टेंबर १९९७ रोजी झाला. तोपर्यंत त्याने ठरवलेल्या मुदतीच्या सुमारे तिप्पट काळ काम केले होते.

त्याच वर्षी डिसेंबरात रिअल टाइम व्यवस्थांवरील एका परिषदेत व्हीएक्सवर्क्स बनविणाऱ्या कंपनीचे डेव्हिड विल्नर यांनी ही हकीकत सांगितली. वारशाच्या उपायावर निबंध लिहिणारे ते तिघेही शास्त्रज्ञ तेव्हा सभागृहात बसलेले होते. त्यांना उभे राहावयास सांगून त्यांचा गौरव करण्यात आला.

पण या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. यान सुटण्यापूर्वी, चाचण्यांच्या काळात, संगणक असाच आपोआप नव्याने सुरू झाल्याचे एक-दोनदा दिसले होते. परंतु ते पुन्हा घडवून आणता येईना, आणि उतरण्याच्या अवघड तयारीत सगळे गुंतलेले. तेव्हा यंत्रातच कुठे तरी किरकोळ खोट असावी असे समजून तो विषय मागे पडला. मंगळावर संपर्क अपेक्षेपेक्षा चांगला झाला, माहिती अधिक मिळू लागली, कामांची गर्दी वाढली आणि दबलेला दोष वर आला. सगळे अपेक्षेपेक्षा चांगले चालले तर काय होईल, याची चाचणीच कोणी घेतली नव्हती!

कोंडी आणि उलटापालट या दोषांचा स्वभावच असा आहे. ते दोन-तीन कामे एका विशिष्ट क्षणी एकत्र आली तरच घडतात. लाख वेळा काम नीट होते आणि एकदाच अडते. शोधण्यासाठी मध्ये मध्ये नोंदी छापण्याच्या सूचना घालाव्यात, तर त्या छपाईनेच कामांच्या वेळा किंचित बदलतात आणि दोष नाहीसा होतो. वैद्य घरी येताच ताप उतरावा, त्यातला हा प्रकार! म्हणून प्रत्येक घटनेची अगदी थोडक्यात, वेळेसह नोंद करणारी हलकी योजना गाभ्यात आधीपासूनच ठेवणे शहाणपणाचे ठरते. यंत्र अडलेच तर कोणाजवळ कोणते कुलूप आहे आणि कोण कोणासाठी थांबले आहे, याची यादी करावी व कागदावर बाण काढावेत. बाणांचे वर्तुळ पुरे झाले, की कोंडी सापडली.

याहून पुढची पायरी म्हणजे कोंडी होण्यापूर्वीच ती ओळखणे. २००६ साली इंगो मोल्नार यांनी लिनक्सच्या गाभ्यात 'लॉकडेप' नावाचा एक तपासनीस बसविला. तो कोंडीची वाट पाहत नाही. कुलपे कोणत्या क्रमाने घेतली जातात एवढेच तो टिपून ठेवतो. सकाळी एका कामाने 'अ' घेऊन मग 'ब' घेतले आणि संध्याकाळी दुसऱ्या कामाने 'ब' घेऊन मग 'अ' घेतले, तर प्रत्यक्षात कोणीही अडलेले नसताना तो इशारा देतो, की या दोन कामांची वेळ एक झाली तर कोंडी होईल. अपघात होण्याआधीच दोन गाड्यांच्या वेळापत्रकांत टक्कर दिसावी, तसे हे आहे. आणि २०२४ साली, वीस वर्षांच्या परिश्रमांनंतर, लिनक्सच्या मुख्य गाभ्यात रिअल टाइम व्यवस्थेची सोय समाविष्ट झाली. ती सोय निवडली असता गाभ्यातील बहुतेक कुलपांना अग्रक्रमाचा वारसा मिळतो. मंगळावरच्या त्या एका कुलपाला तो मिळाला नव्हता!

वर्गात करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांना वर्गात सहज करून दाखविता येईल. एक खुर्ची म्हणजे प्रक्रियक आणि एक डस्टर म्हणजे कुलूप. तीन विद्यार्थ्यांना ज्येष्ठ, मधला आणि कनिष्ठ अशी नावे द्यावीत. खुर्चीत बसेल त्यानेच काम करावयाचे, म्हणजे मिनिटाला एक याप्रमाणे फळ्यावर रेघ मारावयाची. ज्येष्ठ आणि कनिष्ठ यांना डस्टर हाती असल्याशिवाय रेघ मारता येणार नाही. चौथ्या विद्यार्थ्याने गाभा व्हावे: घड्याळ पाहून, नियमाप्रमाणे कोणी बसावयाचे ते सांगावे. वरचे उदाहरण आधी वारशाशिवाय आणि मग वारशासह खेळून पाहावे व दोन्ही वेळची रेघांची नोंद शेजारी शेजारी ठेवावी.

मग एक प्रश्न वर्गापुढे ठेवावा. कुलपे दोन आहेत, कनिष्ठाने 'अ' घेऊन 'ब' मागितले आणि ज्येष्ठाने 'ब' घेऊन 'अ' मागितले. आता अग्रक्रमाच्या वारशाने हे भांडण सुटेल का? खेळून पाहिल्यावर दिसेल की सुटत नाही. कनिष्ठाला कितीही मोठा अग्रक्रम दिला तरी तो स्वतःच अडलेला आहे. त्याला घाई करून काय उपयोग? कोंडी आणि उलटापालट ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. एकाला कुलपांचा ठरलेला क्रम लागतो, दुसऱ्याला वारसा.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे संगणकाचे कार्यक्रम लिहाल. तेव्हा एखादे दिवशी यंत्र उगाचच अडेल, पुन्हा चालू केल्यावर ठीक चालेल आणि दिवसभर प्रयत्न करूनही तो दोष पुन्हा दिसणार नाही. "असेल काही तरी" म्हणून पुढे जाण्याचा मोह होईल. त्या वेळी पाथफाइंडरची आठवण ठेवा. एकदा दिसलेला आणि पुन्हा न दिसलेला दोष गेलेला नसतो. तो योग्य क्षणाची वाट पाहत असतो. तो दिसला ती वेळ आणि त्या वेळी चाललेली कामे वहीत लिहून ठेवा, आणि कोण कोणासाठी थांबले होते याचे बाण काढायला बसा.